आजेसासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर : वय किती, मोल किती?

दसऱ्याला काही घरांत विळा-कोयत्याशेजारी एखादं जुनं रिव्हॉल्व्हरही पाटावर येतं. आजेसासऱ्यांचं, फौजेतलं. घरचे सांगतात, "सत्तावनच्या बंडातलं आहे, लाखांचा माल!" हे खरं की खोटं, ते लोखंडच सांगतं. कसं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेत सॅम्युएल कोल्टने फिरत्या चक्राच्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट १८३६ साली घेतलं. तेव्हा चक्राच्या प्रत्येक घरात दारू आणि शिशाची गोळी वेगवेगळी ठासावी लागे. १८५७ साली इंग्रज अधिकाऱ्यांकडे होती ती अशीच, ठासणीची. धातूचं काडतूस मागून घालायचं रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन कंपनीने अमेरिकेत आणलं, तेच मुळी १८५७ मध्ये. म्हणजे तुमच्या घरच्यात काडतूस मागून जात असेल, तर बंडाची गोष्ट गोडच, पण खरी नव्हे.

आपल्याकडे जास्त ऐकू येतं ते नाव वेब्लीचं. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची ही कंपनी. इंग्रज फौजेने तिचं रिव्हॉल्व्हर १८८७ साली घेतलं. सहा गोळ्यांचं, वरून मोडून नळी खाली झुकणारं. पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, त्याचा सहावा नमुना आला. वजन किलोभर. त्यावर 'मार्क सहा' असं इंग्रजीत कोरलेलं असतं, बहुधा सालही. नावात नुसतं वेब्ली नसून 'वेब्ली अँड स्कॉट' असेल तर माल १८९७ नंतरचा, कारण या दोन कंपन्या त्या साली एक झाल्या.

बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे सरकारी माल. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर तो सरकारने रीतसर विकलेला. ही खूण फार मोलाची. साध्या शिपायाच्या हाती रायफल असे. रिव्हॉल्व्हर मुख्यतः अधिकाऱ्यांकडे. म्हणून "आजोबांनी बसऱ्याहून आणलं" असं कुणी म्हणालं, तर आम्ही आधी त्यांचा हुद्दा विचारू.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं. मोडायचं नाही, चापाला बोट लावायचं नाही. आत काडतूस राहिलेलं असू शकतं.

आणि बायांनो, चिंच-राखेने घासू नका! तांब्याचा हंडा लखलखतो, पण इथे अक्षरं, नंबर झिजतात. जुन्याची किंमत त्या खुणांत आणि मूळ रंगात असते. शिवाय नंबर खोडणं हा शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. खोडलेला नंबर सापडला, तर ज्याच्या ताब्यात वस्तू, त्यानेच तो खोडला असं कायदा धरून चालतो.

आता मोल. गावात येणारा भंगारवाला किंवा 'पार्टी आहे माझ्याकडे' म्हणणारा दलाल सांगेल, त्या आकड्याला काही अर्थ नाही. विकायचं तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा परवाना असलेल्या माणसालाच, तेही कायद्याने ठरलेल्या रीतीने. जुन्या बोअरची काडतुसं सहज मिळत नाहीत, म्हणून वापरणाऱ्याला त्याचं मोल कमीच. संग्राहक बघतो खुणा, नंबर आणि जुनं परवाना-पुस्तक. १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून आपल्या लोकांना परवाना लागू झाला, गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. म्हणून आजोबांचं ते पिवळं पडलेलं पुस्तक जपा. आमच्या मते कधीकधी रिव्हॉल्व्हरपेक्षा तेच महत्त्वाचं ठरतं.

'शंभर वर्षं झाली की परवाना नको' हा समज घातक आहे. दुरुस्त करूनही जे चालूच शकणार नाही, त्याच जुन्या हत्याराला १९५९ च्या कायद्यात सूट आहे. बाकी विनापरवाना ठेवलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद. परवाना आजोबांचा होता, म्हणून सुनेला आपोआप चालत नाही. तो माणूस गेला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि ठेवायचं असेल तर वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा. जमा करून विसरूनही चालत नाही. ठरलेल्या मुदतीत काही केलं नाही, तर ते सरकारजमा होतं.

जमा करताना पावती घ्या. पावतीवरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर एकच आहे ना, हे तिथेच, ठाण्याच्या टेबलाशी उभं राहून ताडून बघा.