वैमानिकाची वही

मंडळी, डोक्यावरून विमान जाताना मनात येतं ना, ह्याला आभाळात वाट कशी सापडते? १९३० च्या सुमारास अमेरिकेत टपाल नेणाऱ्या वैमानिकांना हाच प्रश्न पडे. हाती नकाशे असत ते मोटाररस्त्यांचे. डोंगराची उंची त्यांत कुठली? कित्येकजण प्राणास मुकले.

तेव्हा एल्रे जेपेसन ह्या वैमानिकाने दहा सेंटांची एक वही घेतली. टेकड्या, उंच टाक्या, उतरण्याची मैदाने तीत टिपली. टेकड्या स्वतः चढून उंची मोजली. हवा कशी आहे हे विचारण्यासाठी वाटेवरच्या शेतकऱ्यांचे फोनही लिहून ठेवले! १९३४ पासून ते वहीच्या प्रती विकू लागले.

पुढे कागद वाढतच गेले. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकाची नकाशांची बॅग सुमारे १६ किलोंची झाली. २०१३ पर्यंत कंपनीने तिच्याऐवजी टॅब्लेट, म्हणजे पाटीएवढा संगणक, दिला. ओझं उतरलं. पण एप्रिल २०१५ मध्ये एकच नकाशा त्यात दोनदा शिरला, पाट्या बंद पडल्या आणि कित्येक विमाने जमिनीवरच खोळंबली.

गुरुजी, मुलांना एवढं जरूर सांगा : पाटी काचेची झाली, तरी तिच्यावरचा आकडा कुणीतरी डोंगर चढून मोजलेला असतो. तो बिनचूक ठेवणं हे माणसाचंच काम.