बाबांना 'बाबा' म्हणायची परवानगी

कोरियात बँकेचा किंवा सरकारी कचेरीचा फॉर्म कसा भरायचा याचा जो नमुना लावलेला असतो, त्यात नावाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच नाव दिसतं: होंग गिलदोंग. आपण टेस्टिंग करताना 'अबक' टाकतो ना, तसंच. गंमत म्हणजे हा होंग गिलदोंग एका जुन्या कोरियन कादंबरीतला दरोडेखोर आहे. आणि त्याचं सगळं दुखणं सुरू होतं तेच मुळी एका सरकारी नियमापासून!

गेले काही वीकेंड जुन्या कोरियन कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरं वाचतोय. कोरियन सिरीज बघणाऱ्या मंडळींना राजवाडे, राण्या, कटकारस्थानं हे सगळं पाठ असेलच. पण एकामागोमाग एक वाचताना जाणवलं की या गोष्टींत घर आणि सरकार असे दोन वेगळे कप्पे नाहीतच. घर म्हणजे सरकारचीच सगळ्यात छोटी कचेरी.

आधी गिलदोंग. वडील दरबारात मंत्री, आई त्याच घरातली दासी. पोरगा हुशार, पण बापाला 'बाबा' आणि भावाला 'दादा' म्हणायची परवानगी नाही. हा नुसता घरातला खडूसपणा नव्हता बरं का. जोसन राजवटीत (१३९२ ते १९१०) लग्नाच्या बायकोची मुलं वेगळी आणि रखेलीची किंवा दासीची वेगळी. १४८५ साली लागू झालेल्या राज्याच्या कायद्यानं या दुसऱ्या मुलांना वरच्या सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायलाच बंदी केली होती. परीक्षा नाही म्हणजे पद नाही, आणि पद नाही म्हणजे प्रतिष्ठा नाही. तुमची आई कोण, यावर सरकार तुमचं करिअर ठरवणार. विषय संपला.

घरातलंच कोणीतरी जिवावर उठतं म्हणून गिलदोंग घर सोडतो. निघताना बाप हेलावतो आणि म्हणतो, आजपासून मला 'बाबा' म्हण. पण तोवर उशीर झालेला असतो. मग दरोडेखोरांची टोळी, लुच्च्या अधिकाऱ्यांची लूट, गवताचे पुतळे करून आठही प्रांतांत एकेक गिलदोंग... एकदम मसाला! पण सरकार काय करतं बघा. सैन्यानं जमत नाही म्हटल्यावर राजा त्याच्या बापाला कैद करतो आणि सावत्र भावाला एका प्रांताचा सुभेदार नेमून सांगतो, आता तूच पकड याला. म्हणजे ज्या नात्याला कायद्यानं अर्धंच मानलं, तेच नातं पकड वॉरंट म्हणून वापरायचं. हक्क देताना तो मुलगा नाही, ओलीस धरताना मात्र मुलगा.

आणि गिलदोंगची मागणी काय? राज्य उलथवायचं? छे. मला युद्धमंत्री करा! राजा करतो, हा दरबारात येऊन आभार मानतो आणि देश सोडून जातो. पुढे युल नावाच्या बेटावर स्वतः राजा होतो. म्हणजे सिस्टीम तीच, फक्त ॲडमिनचा पासवर्ड आता याच्याकडे.

(गिलदोंग नावाचा खरा दरोडेखोरही होता. १५०० साली तो पकडला गेल्याची नोंद राजदरबाराच्या इतिहासात आहे, आणि तो बड्या अधिकाऱ्याच्या वेषात सरकारी कचेऱ्यांत घुसत असे असंही त्यात म्हटलंय. कादंबरीचं श्रेय मात्र बरीच वर्षं हो ग्युन याला दिलं जायचं. त्याला १६१८ मध्ये राजद्रोहासाठी ठार मारलं. आज हाती असलेली कादंबरी बरीच नंतरची, बहुधा १९व्या शतकातली आणि अनामिक लेखकाची आहे, असं आता काही अभ्यासकांचं मत आहे.)

दुसरी कादंबरी किम मान्जुंग यांची. यात सा नावाची सालस बायको, तिला मूल होत नाही म्हणून तीच नवऱ्याला दुसरी बाई आणायला लावते, आणि ती दुसरी हिलाच घराबाहेर काढते. घडतं सगळं चीनमध्ये. वरवर पाहता शुद्ध सासबहू मालिका. पण काळ बघा. १६८९ साली राजा सुकजोंगनं राणी इन्ह्यन हिला पदावरून काढून जांग हुईबिनला वर आणलं. राणी एका गटाच्या घराण्यातली, जांगच्या मागे दुसरा गट. त्यामुळे राणी बदलली तसं सरकारही बदललं. माणसं हद्दपार झाली, काहींना विष घ्यायला लावलं. ('डोंग यी' पाहिलेल्यांना ही पात्रं ओळखीची असतील.) किम मान्जुंगही हद्दपार झाले आणि ही कादंबरी त्यांनी नामहे बेटावर लिहिली असं मानतात. हे गृहस्थ कोण? राजाच्या पहिल्या, वारलेल्या राणीचे सख्खे काका! राजाला उघड बोलणं म्हणजे मरण, म्हणून त्यांनी गोष्ट सांगितली: एका नवऱ्याची. १६९२ साली ते हद्दपारीतच गेले. १६९४ मध्ये राणी परत आली, ते बघायला ते नव्हते.

तिसरी चुन्ह्यांग, कोरियाची सगळ्यात लाडकी गोष्ट. आई गीसेंग, म्हणजे सरकारी दप्तरात नाव असलेली कलावंतीण. चुन्ह्यांगचं सुभेदाराच्या मुलाशी गुपचूप लग्न होतं आणि तो राजधानीला निघून जातो. नवा सुभेदार येतो, आल्याआल्या गीसेंगांचं हजेरीपुस्तक मागवतो आणि एकेकीचं नाव पुकारायला लावतो. चुन्ह्यांग कुठंय? तिला धरून आणतात. ती म्हणते, मी लग्नाची बायको आहे. स्वामिनिष्ठ सेवक दोन राजे करत नाही, तशी मी दोन नवरे करणार नाही. हा मुद्दा मला फार जबरदस्त वाटला. पातिव्रत्य आणि राजनिष्ठा हे सरकारचेच धडे, आणि हजेरीपुस्तकातली एक मुलगी तेच धडे सरकारी माणसाच्या तोंडावर फेकते. तुमच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये असं लिहिलंय साहेब! उत्तरादाखल फटके आणि तुरुंग. शेवटी नवरा राजाचा गुप्त निरीक्षक होऊन भिकाऱ्याच्या वेषात येतो, सुभेदाराच्या वाढदिवसाच्या मेजवानीत प्रकट होतो आणि तिला सोडवतो.

गोड शेवट. पण नीट बघितलं तर तिन्ही गोष्टींत सुटका एकाच पद्धतीनं होते. नियम तसाच राहतो, एका चांगल्या माणसाला अपवाद मिळतो. गिलदोंगला मंत्रिपद, सा हिला पुन्हा घर, चुन्ह्यांगला सन्मान. त्या हजेरीपुस्तकातल्या बाकीच्या मुलींचं काय झालं? कादंबरी सांगत नाही. कोड बदलायचा नाही, फक्त एका युजरसाठी हार्डकोड करायचं. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको :-)

पुस्तकाबाहेर मात्र लोकांनी अपवाद मागणं सोडून नियमाला हात घातला. १८२३ साली अशा डावललेल्या मुलांपैकी जवळपास १०,००० जणांनी राजाकडे एकत्र अर्ज केला. तरी हा भेदभाव कायद्यातून गेला तो १८९४ च्या सुधारणांत. गुलामगिरीही तेव्हाच कायद्यानं संपली.

आणि घर नावाची कचेरी? ती त्यानंतरही शंभरावर वर्षं चालू होती. दक्षिण कोरियात प्रत्येक कुटुंबाची नोंद एका कुटुंबप्रमुखाखाली, म्हणजे जवळजवळ नेहमी पुरुषाखाली असायची. त्या कायद्याचा साचा जपानी अंमलातला, पण समर्थक त्याला आपली परंपरा म्हणायचे. घटस्फोटानंतर मूल आईजवळ वाढत असलं तरी नाव बापाच्या नोंदीत, आणि आईच्या घरच्या सरकारी कागदावर त्या मुलाचं नातं काय? 'सोबत राहणारी व्यक्ती'. २००५ साली तिथल्या घटना न्यायालयानं ही पद्धत घटनाविरोधी ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती बंद झाली.

बापाला 'बाबा' म्हणता न येणारा मुलगा आणि स्वतःच्या पोराची कागदावर 'आई' होता न येणारी बाई. मधे कित्येक शतकं गेली, रकाना तोच. त्यामुळे कोणी 'हा आमच्या घरातला प्रश्न आहे' असं म्हणालं की मला आता आधी विचारावंसं वाटतं, की त्या घराचा फॉर्म कोणी छापलाय?