फीलिक्स्टो: लहानपण देगा देवा?

ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्यावरचं फीलिक्स्टो देशातलं सर्वात मोठं कंटेनर बंदर झालं, त्यामागचं एक कारण गमतीचं आहे: ते आधी फारच लहान होतं!

१८८६ साली सुरू झालेली ही गोदी १९५१ मध्ये गॉर्डन पार्कर या धान्यव्यापाऱ्याने विकत घेतली. त्याआधी, १९४७ साली, सरकारने गोदी कामगारांसाठी योजना आणली होती. रोजंदारीच्या माणसाची नोंदणी झाली, काम नसलं तरी हजेरीचे थोडे पैसे मिळू लागले. फीलिक्स्टो इतकं किरकोळ, की त्याचं नावच त्या योजनेत नव्हतं.

मग कंटेनर आले. गोणी-गोणी वाहणाऱ्या टोळीचं काम एक क्रेन आणि मोजकी माणसं करू लागली. फीलिक्स्टोत १९६७ मध्येच कंटेनरचा धक्का सुरू झाला. लंडनजवळच्या टिलबरीत मात्र कामगार संघटनेने १९६८ मध्ये बहुतेक कंटेनर-सेवांवर बहिष्कार टाकला, तो १९७० पर्यंत टिकला. पुढे १९८१ पर्यंत शहरातल्या जुन्या गोद्या बंद पडल्या.

१९८९ मध्ये ती योजनाही रद्द झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईसमोर न्हावा-शेवा बंदर सुरू झालं.

टिलबरीच्या कामगारांना आडमुठे म्हणणं सोपं आहे. पण त्या लोखंडी पेटीत आपली रोजीरोटी बंद होतेय, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. जहाज दुसऱ्या धक्क्याला लागतं. कामगाराचं बिऱ्हाड तसं हलत नाही. गिरणगाव पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.