पानाच्या कडेला मास्तर : वर्गातील यंत्रे आणि मराठी शिक्षक

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इंदापूर तालुक्यातील माळ उसाखाली आला आणि १९३०च्या दशकात कळंब गावाच्या शिवारात वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्याभोवती एक वसाहत उभी केली. तेच वालचंदनगर. साखरेची यंत्रे घडवणाऱ्या येथील कार्यशाळेने १९७०च्या दशकापासून इस्रोच्या प्रक्षेपकांसाठीही काम हाती घेतले. पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही या मालिकांसाठी मोटर केसिंग येथूनच जात राहिले. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणाला वाहिलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह आकाशात गेला तो जीएसएलव्हीनेच. महाराष्ट्रातील वर्ग आणि तंत्रज्ञान यांच्या नात्याचा इतिहास सांगताना या गावापासून प्रारंभ करणे म्हणूनच सयुक्तिक वाटते. परंतु आम्हाला पडलेला प्रश्न उपग्रहाचा नाही, शिक्षकाचा आहे. आकाशातून पाठ उतरू लागल्यावर फळ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाने करायचे काय?

या प्रश्नाची पूर्वपीठिका जुनी आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीवरून शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. ही शाळा नव्हती. तरी पुढे शाळांच्या वाट्याला जे आले त्याहून तिच्यात शाळेचे तत्त्व अधिक होते, असे आमचे मत आहे. कारण तेथे ऐकणाऱ्याला उलट बोलण्याची सोय होती. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. तिने मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले आणि २०१७ साली ती बंद पडली. तिचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मात्र दूरचित्रवाणीवरचा पाठ एकदा सुरू झाला की शिक्षकाकडे संच लावणे आणि वर्ग शांत ठेवणे एवढेच उरे. पाठाचा कर्ता दुसरीकडे कोठेतरी असे.

यंत्र वर्गात काय आणते याइतकेच ते अक्षराचे काय करते, हेही साहित्याच्या अभ्यासकाने पाहायला हवे. मोडीचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. केरीने १८१० सालचा आपला मराठी कोश मोडीच्या खिळ्यांनी छापला होता. तरीही मुद्रणाने पुढे बाळबोध लिपीच स्वीकारली. मोडी हाताच्या वळणात टिकली, छापील पानावरून हटली आणि शेवटी अभिलेखागारात गेली. संगणकाच्या पहिल्या दोन दशकांत देवनागरीवरही असाच प्रसंग गुदरेल की काय, अशी शंका येत होती. एका फॉन्टमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडावी तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी केलेले काम, इनस्क्रिप्ट कळफलक आणि पुढे युनिकोडचा प्रसार यांमुळे ही कोंडी फुटली. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाच्या निमित्ताने असंख्य शिक्षक प्रथमच संगणकासमोर बसले. या अभ्यासक्रमाची थट्टा पुष्कळ झाली आहे आणि काही अंशी ती योग्यही होती. तथापि ज्या शिक्षकाला आपल्या भाषेत टंकता येते तो पाठाचा ग्राहक राहण्याचे बंधन झुगारू शकतो, ही शक्यता तेथूनच निर्माण झाली.

ती प्रत्यक्षात कशी उतरली हे पाहण्यासाठी वालचंदनगरहून फार लांब जावे लागत नाही. भीमा ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका लागतो. तेथील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले शिक्षक म्हणून रुजू झाले. शाळेची इमारत पडकी होती, एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला साठवणीची खोली. डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. मोबाइल त्यावर धरला की ध्वनिमुद्रित कविता, चित्रफिती, गोष्टी आणि स्वाध्याय उघडत. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो समूहात, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार झाला होता. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणाऱ्या वालचंदांना ही गंमत आवडली असती.

आमच्या दृष्टीने येथे यंत्रापेक्षा पान महत्त्वाचे आहे. आपल्याकडील त्रिपाठी पोथीत मध्यभागी मूळ ग्रंथ आणि त्याच्या वर-खाली बारीक अक्षरात टीका लिहिलेली असे. वाचणाऱ्याची दृष्टी मुळावरून टीकेकडे आणि टीकेवरून पुन्हा मुळाकडे जाई. छापील क्रमिक पुस्तकाने ही कड रिकामी केली. टीका शिक्षकाच्या तोंडी राहिली आणि तास संपला की हवेत विरली. परितेवाडीच्या पुस्तकावर चिकटवलेल्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीने शिक्षकाला पुन्हा पानाच्या कडेला बसवले. मूल घरी, आईच्या शेजारी बसून, पाठामागोमाग आपल्याच गुरुजींची टीका ऐकू शकत होते. ‘नवसाक्षरता’ या शब्दाचा आम्हाला समजलेला अर्थ हा आहे. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील ‘डिजिटल शाळे’चा बोलबाला याच सुमारास झाला आणि गावोगावी लोकवर्गणीतून पडदे उभे राहिले. परंतु पडदा आणणे वेगळे आणि पानावर लिहिणे वेगळे.

यानंतर शासनाने ही कल्पना उचलली. बालभारतीच्या पुस्तकांत पाठापाठाला कोड छापले जाऊ लागले आणि २०१७ साली केंद्राने सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या मंचाशी ते जोडले गेले. याचा लाभ उघड आहे. परितेवाडीच्या मुलाला मिळाले ते इंदापूरच्या, गडचिरोलीच्या मुलालाही मिळू लागले. समतेच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. पण सर्वांसाठी एकच टीका छापली की ती टीका राहत नाही, दुसरे मूळ होते. माढ्याच्या बोलीत कविता समजावणारा आवाज, गावातल्या ओढ्याचे नाव घेऊन दिलेला दाखला यांना त्या चौकटीत जागा उरत नाही, आणि शिक्षक पुन्हा संच लावणारा होऊ लागतो. मराठीच्या विभागांनी क्रमिक पुस्तकांतील निवडीवर पुष्कळ वाद घातले आहेत. शिक्षकांनी स्वतः केलेल्या ध्वनिफिती आणि चित्रफिती हाही मराठीतील अध्यापनगद्याचाच भाग आहे. त्या मोबाइल बदलताना पुसल्या जाण्याआधी कोणीतरी गोळा कराव्यात, ही आमची विनंती संशोधक विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावी.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘प्रत्येक घरी मोबाइल’ हे गृहीतक उघडे पडले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वृत्तपत्रांनी या घटनेची भरभरून दखल घेतली. त्याच्या काही महिने आधी पालघर जिल्ह्यातील दांडवळ या आदिवासी गावात मुलांचे पाठ ध्वनिक्षेपकावरून सुरू झाले होते. मोबाइल नसलेली मुले उघड्यावर, एकमेकांपासून अंतर राखून बसत आणि कर्ण्यातून येणारा धडा ऐकत. शेजारी कोणीतरी स्वयंसेवक उभा असे, मुलांना विचारायला आणि मुलांनी विचारायला.