पीतज्वराची लस : परतीचा प्रवासही ध्यानात घ्या

सावंतवाडी : नोकरी, व्यापार वा पर्यटनासाठी आफ्रिकेत जाणाऱ्यांपुढे आणि जहाजावर रुजू होणाऱ्या खलाशांपुढे पीतज्वराच्या, म्हणजेच 'यलो फीवर'च्या लसीचा प्रश्न बहुधा तिकीट हाती आल्यावर उभा राहतो. वास्तविक तो तिकीट काढण्यापूर्वीच सोडवायला हवा.

आजार आणि नियम

पीतज्वर हा डासांमार्फत पसरणारा विषाणुजन्य आजार आहे. आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतील चाळीसहून अधिक देशांत त्याचा धोका आहे. आजार बळावल्यास कावीळ आणि रक्तस्राव होतो. अशा रुग्णांपैकी सुमारे निम्मे दगावतात. त्यावर नेमके औषध नाही. भारतात हा आजार नाही. परंतु तो पसरवू शकणारा एडिस डास, जो डेंगीही पसरवतो, येथे सर्वत्र आहे. त्यामुळे भारताचे नियम कडक आहेत.

म्हणूनच, जाणारा देश प्रमाणपत्र मागतो का, एवढेच पाहून भागत नाही. केनिया, नायजेरिया यांसारख्या बाधित देशांतून वैध प्रमाणपत्राविना परतणाऱ्यास तेथून निघाल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर लक्षणे साधारण तीन ते सहा दिवसांत दिसतात. ही मुदत त्यावरूनच ठरली आहे.

दहा दिवसांचा हिशेब

लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध ठरते. वीस तारखेला प्रमाणपत्र दाखवायचे असेल, तर लस दहा तारखेपर्यंत घेतलेली असावी. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य आहे. पूर्वी दहा वर्षांची मुदत घालून दिलेल्या जुन्या पिवळ्या पुस्तिकेलाही हाच नियम लागू होतो. ती जपून ठेवल्यास पुन्हा लस घ्यावी लागत नाही.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. शासनमान्य केंद्रातच घ्यावी लागते. सावंतवाडीकरांना मुरगाव येथील बंदर आरोग्य कार्यालय जवळचे आहे. एका कुपीत अनेकांची मात्रा असते आणि ती उघडल्यावर काही तासांतच संपवावी लागते. त्यामुळे लसीकरणाचा वार व नोंदणी आधी विचारून, पारपत्र सोबत घेऊनच निघावे.

कोणी सावध राहावे

ही जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांखालील बालके, अंड्याची तीव्र अॅलर्जी असणारे आणि आजारामुळे वा औषधांमुळे प्रतिकारशक्ती घटलेले यांना ती सहसा देत नाहीत. गर्भवती, स्तनदा माता व साठी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच निर्णय करावा. वैद्यकीय कारणास्तव लस घेता येत नसल्यास तसे सूट-प्रमाणपत्र मिळू शकते. मात्र त्याने आजारापासून संरक्षण मिळत नाही आणि विलगीकरणही टळेलच असे नाही.

दोडामार्ग-बांदा परिसराला परिचित असलेला माकडताप याच कुळातील विषाणूमुळे होतो. तथापि तो गोचिडीमार्फत पसरतो आणि पीतज्वराची लस त्यावर चालत नाही. प्रवास बाधित देशांचा नसेल, तर ही लस घेण्याचे कारण नाही. असेल, तर दहा दिवस आधीच राखून ठेवावेत.