कोल्हा, कुत्रा आणि लाल टोपी

आधी एक काम करा. दोन्ही हातांची एकेक बोटं डोळ्यांसमोर धरा, एक जवळ, एक लांब. आता एक डोळा मिटा आणि लांबचं बोट हळूहळू सरकवा. एका क्षणी दोन्ही बोटं चिकटल्यासारखी दिसतात ना? मधे तर वीतभर अंतर आहे. 'फेझ' हा अख्खा गेम याच फसवणुकीवर उभा आहे.

गोमेझ नावाचा पांढरा, बुटका प्राणी. त्याच्या गावात सगळं सपाट, कागदावर काढल्यासारखं. एक दिवस त्याला लाल तुर्की टोपी मिळते, आणि कळतं की जगाला चार बाजू आहेत. बटण दाबलं की जग ९० अंशांत फिरतं. लांबचा कठडा डोळ्यांना जवळ दिसला, की या जगात तो खरंच जवळ असतो. गोमेझ सरळ त्यावर पाऊल टाकतो. शत्रू कुणी नाही. पडलात तर पुन्हा तिथेच उभे.

कॅनडातल्या फिल फिशने हा गेम २००७ मध्ये जाहीर केला. बाजारात आला २०१२ च्या एप्रिलमध्ये, एक्सबॉक्सवर. म्हणजे पाच वर्षं! प्रोग्रामिंग मुख्यतः रेनो बेदार या एकाच माणसाचं. पुढे दुसरा भाग जाहीर झाला, आणि २०१३ मध्ये ऑनलाइन भांडणानंतर फिशने तो रद्द करून टाकला. भांडण कशावरून, ते सोडा. गेम त्याहून कितीतरी मोठा आहे.

मी तो फोनवर खेळलो, २०१७ ला आयफोनवर आल्यानंतर. एका भिंतीवर चक्क क्यूआर कोड होता. गेम माझ्या फोनवर, म्हणून स्कॅन करायला आईचा फोन मागितला. 'कशाला रे?' करत ती शेजारी बसली. मग मी तिला माझी अडलेली खोली दाखवली: एक कोल्हा, एक कुत्रा, आणि दगडावर न वाचता येणारी लिपी. तिने दोन सेकंद पाहिलं. 'अरे, हे तर टायपिंग क्लासचं वाक्य!'

इंग्रजीची सगळी २६ अक्षरं ज्यात येतात, ते कोल्ह्या-कुत्र्याचं वाक्य. आईने ते मशीनवर शेकडो वेळा बडवलं होतं. आम्ही वही काढली, एकेका चिन्हासमोर अक्षर लिहिलं, आणि त्या रात्री गेममधल्या सगळ्या भिंती बोलायला लागल्या. मला विचाराल तर फेझची जादू ती हीच. कोडं कुठलं आणि नुसती सजावट कुठली, हे तो सांगतच नाही.

एक काळा दगड मात्र भल्याभल्यांना सुटला नाही. रिलीजनंतर जगभरचे खेळाडू ऑनलाइन जमले, कुठली बटणं दाबून झाली याची यादी ठेवत एकेक शक्यता खोडत गेले, आणि आठवड्याभरात दगड उघडला. उत्तर मिळालं, तेच उत्तर का, ते कुणाला सांगता येईना.

मी ते उत्तर नेटवरून उचललं. तीस सेकंदांत काम झालं. आईने विचारलं, 'हे कसं काढलंस?' मी म्हटलं, 'असंच.' वही तिने मिटून ठेवली.