अपील कुठे केलंस?

परवा आमच्या अप्रेझलचा निकाल लागला. पाचपैकी तीन. म्हणजे पास, पण पगारवाढ नावापुरती. रविवारी घरी गेलो तेव्हा चहा पिता पिता बाबांना सांगितलं. बाबा राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी सहज विचारलं, "मग अपील कुठे केलंस?"

मला हसूच आलं. अपील कसलं? मॅनेजरशी वीस मिनिटं बोलणं झालं, त्यात 'बेल कर्व्ह' हा शब्द दोनदा आला आणि मी पोर्टलवर 'मान्य' हे बटण दाबून मोकळा झालो. बाबा मात्र हसले नाहीत. "माझ्या सीआरमध्ये एकदा प्रतिकूल शेरा आला होता," एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला.

सरकारी नोकरी म्हटलं की 'त्यांना कोण काढतंय' असं म्हणून आपण नाक मुरडतो. मीही मुरडायचो. पण बाबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. हा प्रश्न विचारायचा हक्क सरकारी नोकराला मिळाला कधी? शोधायला बसलो आणि थेट १८६९ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी लंडनला आयसीएसची परीक्षा पास झालेल्या चार भारतीयांपैकी दोघांची नावं यादीतून काढली गेली. एक बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि दुसरे आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. कारण काय, तर वय जास्त! सुरेंद्रनाथांनी मॅट्रिकच्या वेळी वय सोळा लिहिलं होतं. आता 'सोळावं लागलं' म्हणजे सोळा पूर्ण झाली असं नव्हे, हे आपल्या कुठल्याही आजीला माहीत असतं. साहेबाला ते कळेना. सुरेंद्रनाथ लंडनच्या कोर्टात गेले आणि दोघांचीही नावं यादीत परत आली.

१८७१ मध्ये त्यांची नेमणूक सिल्हेटला झाली आणि १८७४ मध्ये नोकरी गेलीसुद्धा. एका खटल्यातल्या आरोपीची 'फरारी' म्हणून चुकीची नोंद केल्याचा ठपका होता. सुरेंद्रनाथ पुन्हा लंडनला गेले, पण या वेळी इंडिया ऑफिसकडे. म्हणजे ज्या सरकारनं काढलं, त्याच सरकारच्या मुख्य कचेरीत. अपील फेटाळलं गेलं.

यामागचं तत्त्व साधं होतं. नोकर राणीचा, आणि राणीची मर्जी असेतोवरच नोकरी. मर्जी का गेली हे विचारायची सोय नाही. सुरेंद्रनाथ परत आले, शिक्षक झाले, १८७६ मध्ये त्यांनी इंडियन असोसिएशन उभी केली आणि १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. सरकारनं एक असिस्टंट मॅजिस्ट्रेट काढला आणि देशाला एक पुढारी मिळाला, असं म्हणायला हरकत नाही :)

पण प्रत्येकाला पुढारी होता येत नाही. बाकीच्यांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी नियम आले, पण फार हळूहळू. १९१९ च्या कायद्यानं म्हटलं की ज्यानं नेमणूक केली त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्यानं बडतर्फ करायचं नाही. १९३५ च्या कायद्यात भर पडली, की शिक्षेआधी माणसाला आपली बाजू मांडायची वाजवी संधी द्यायची. कागदावर छानच. पण ती संधी दिली नाही तर पुढे काय?

हे विचारलं आय. एम. लाल नावाच्या एका आयसीएस अधिकाऱ्यानं. १९४० मध्ये त्यांना काढलं होतं. खटला फिरत फिरत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि निकाल लागला १९४८ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर! कौन्सिलनं सांगितलं की संधी नीट दिली नाही, म्हणून हुकूमच रद्द. पण थकलेला पगार? तो मात्र मिळणार नाही. राजाकडे पगार कोर्टातून वसूल करता येत नाही. म्हणजे जिंकले, पण खिसा रिकामाच.

उरलेलं काम पुरं केलं बिहारच्या एका पोलीस सब-इन्स्पेक्टरनं, अब्दुल मजीद यांनी. बेकायदा बडतर्फीच्या काळातला पगार त्यांनी मागितला आणि १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो मान्य केला. राजाच्या कृपेचा तो इंग्रजी नियम इथे चालणार नाही, असं कोर्टानं म्हटलं. आयसीएसवाल्याला जे जमलं नाही ते फौजदारानं करून दाखवलं.

तोवर राज्यघटना आली होती. कलम ३१० मध्ये 'मर्जी' अजूनही आहे, फक्त राणीच्या जागी राष्ट्रपती आणि राज्यपाल आले. पण लगेच पुढचं कलम ३११ त्या मर्जीला वेसण घालतं: आरोप सांगा, चौकशी करा, म्हणणं ऐका. त्यालाही तीन अपवाद आहेत. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, चौकशी करणं व्यवहार्य नसेल किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर चौकशीची गरज नाही. शिवाय लाल यांच्या खटल्यात महत्त्वाची ठरलेली, शिक्षेच्या टप्प्यावरची दुसरी संधी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं काढून टाकली. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेणं इथेही आहेच.

त्याच दुरुस्तीनं प्रशासकीय न्यायाधिकरणांची वाट उघडली. १९८५ मध्ये केंद्राचं 'कॅट' सुरू झालं आणि १९९१ मध्ये आपलं 'मॅट'. आज राज्य सरकारी कर्मचाऱ्याला शिक्षेचा हुकूम मिळाला, तर १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे आधी ४५ दिवसांत वरिष्ठांकडे अपील करायचं. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तरी मॅटचं दार उघडतं. आणि १९९७ च्या चंद्रकुमार निकालानंतर मॅटच्या वर हायकोर्टही आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर एस्कलेशन मॅट्रिक्स, पण घटनेनं दिलेली!

यात वर्षानुवर्षं जातात, नालायक माणसंही याच नियमांच्या आड लपतात, हे खरंच आहे. पण मला सगळ्यात भिडला तो २००८ चा एक निकाल. देव दत्त हे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यातले इंजिनिअर. एका वर्षी त्यांच्या सीआरमध्ये शेरा होता 'चांगला'. वाईट नव्हे, चांगला. बढतीला मात्र 'अति चांगला' लागत होता आणि हा शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शेरा कुठलाही असो, तो कळवलाच पाहिजे. कारण कळल्याशिवाय माणूस त्याविरुद्ध बोलणार कसा?

पाचपैकी तीनचंच दुखणं की हे!

रात्री बाबांना फोन केला. "त्या शेऱ्याचं पुढे काय झालं?"

"अभिवेदन दिलं. दीड वर्षानं उत्तर आलं. शेरा कायम."

"म्हणजे हरलात?"

"हरलो ना. पण साहेबाला दोन पानं कारणं लिहून द्यावी लागली. जावक क्रमांकासकट." थोडं थांबून म्हणाले, "त्यातली एक-दोन खरी होती. तुला दिलीत का कोणी कारणं?"

उद्या सोमवार. मॅनेजरला मेल लिहून ठेवलाय, ड्राफ्टमध्ये. रेटिंग बदला असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. कारणं लेखी द्या, एवढंच मागितलंय. पाठवेन की नाही, खरंच सांगता येत नाही.